विरंगुळ्याची पदवी आणि ५६० तास

थेरप्युटिक रिक्रिएशन, म्हणजे खेळ-छंदांतून उपचार, या विषयात अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे, असे मी २०२२ च्या पावसाळ्यात ठरवले. या वाटेने गेलेल्या कुणाचे मराठीतले एक पानही तेव्हा मला सापडले नव्हते. याच महिन्यात, ऑगस्ट २०२५ मध्ये, प्रमाणपत्र परीक्षेचा निकाल हाती आला आणि ही प्रक्रिया एका अर्थाने पूर्ण झाली. तारखा आणि आकडे स्मरणात ताजे आहेत तोवर सर्व क्रमाने लिहून काढावे, म्हणून हा लेख. माझ्यानंतर या वाटेला येणाऱ्याचे निदान दोन-तीन महिने वाचावेत, एवढीच अपेक्षा आहे.

मी मूळची सांगलीची. मानसशास्त्रात बी.ए. आणि एम.ए. केल्यानंतर पुण्यातील एका डिमेन्शिया देखभाल केंद्रात चार वर्षे उपक्रम समन्वयक म्हणून काम करत होते. सकाळी प्रार्थना, मग फुलांचे हार ओवणे, जुनी भावगीते, दुपारी पत्ते, सायंकाळी अंगणात फेऱ्या असा दिनक्रम मी आखत असे. मटारच्या शेंगा सोलायला दिल्यावर एखाद्या आजींचा हात थरथरणे का थांबते, किंवा चिडलेले आजोबा कॅरमच्या सोंगट्या रंगांनुसार वेगळ्या करताना शांत का होतात, हे मला दिसत होते, पण समजत नव्हते. मी केलेल्या कामाची नोंद केंद्राच्या वहीत 'करमणूक' या एका शब्दात होत असे. आपल्याकडे गावोगावी नगरपालिकांची ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्रे असतात. त्या पाट्यांवरचा 'विरंगुळा' हा शब्द मला फार आवडतो. परंतु विरंगुळा म्हणजे सर्व महत्त्वाची कामे उरकल्यावर उरलेल्या वेळाचे काहीतरी, ही समजूतही त्याला चिकटलेली आहे. मला शिकायचे होते ते याच्या नेमके उलट.

थेरप्युटिक रिक्रिएशनमध्ये खेळ, संगीत, बागकाम, हस्तकला, सहल, पोहणे अशा उपक्रमांचा वापर ठरावीक उपचार-उद्दिष्टासाठी केला जातो. आधी रुग्णाचे मूल्यमापन, मग नियोजन, अंमलबजावणी, परिणामाची तपासणी आणि या सर्वांची लेखी नोंद, अशी त्याची पायऱ्यांची पद्धत आहे. हा व्यवसाय अमेरिकेत रुजला तो मुख्यतः युद्धांमुळे. पहिल्या महायुद्धाच्या काळात रेड क्रॉसने लष्करी रुग्णालयांत करमणुकीचे कार्यक्रम सुरू केले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या रुग्णालयांत हे काम स्थिरावले. प्रमाणपत्र देणारी राष्ट्रीय परिषद, म्हणजे एनसीटीआरसी, १९८१ मध्ये स्थापन झाली. तिच्या प्रमाणपत्राला सीटीआरएस म्हणतात. व्यावसायिकांची संघटना १९८४ ची. सांगायचे ते असे की पदवी आणि प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विद्यापीठ शोधण्याआधी एनसीटीआरसीचे निकष वाचावेत. मी ते उलट क्रमाने केले आणि त्याची किंमत मोजली.

विद्यापीठांच्या शोधात टेंपल, इंडियाना विद्यापीठाचे ब्लूमिंग्टन संकुल, क्लेमसन आणि विस्कॉन्सिन-ला क्रॉस ही नावे लगेच समोर येतात. कॅनडात पदवी स्तरावर डलहौसी, ब्रॉक आणि लेथब्रिज येथे हा विषय शिकवला जातो. मी सप्टेंबर २०२२ मध्ये सात विभागांना ई-मेल पाठवले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: माझ्याकडे या विषयाची पदवी नाही, तर पदव्युत्तर अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर मी प्रमाणपत्र परीक्षेला पात्र होईन का? चार जणांनी उत्तर दिले. त्यांतील दोघांनी 'अवश्य या' एवढेच लिहिले, तर दोघांनी माझ्या गुणपत्रिका मागवून कोणते विषय कमी पडतात याची यादीच पाठवली. मी त्या दोघांचाच पुढे विचार केला, आणि अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील एका सार्वजनिक विद्यापीठात अखेर प्रवेश घेतला.

ती यादी महत्त्वाची आहे. शैक्षणिक मार्गाने परीक्षेला बसण्यासाठी मुख्य विषयाखेरीज १८ क्रेडिटचे (क्रेडिट म्हणजे विषयाच्या अभ्यासाचे माप) पूरक विषय लागतात. त्यांत शरीररचना व शरीरक्रियाशास्त्राचे ३, अपसामान्य मानसशास्त्राचे ३ आणि आयुष्यभरातील मानवी विकासाचे ३ क्रेडिट असावेच लागतात. उरलेले ९ मानवी सेवांशी संबंधित विषयांतून घेता येतात. माझ्या बी.ए.मध्ये अपसामान्य मानसशास्त्र आणि विकासात्मक मानसशास्त्र दोन्ही होते, पण शंभर गुणांच्या वार्षिक पेपरांत, मराठी माध्यमातून, आणि क्रेडिट हा शब्द ज्या काळी आमच्या महाविद्यालयात कुणी उच्चारलाही नव्हता त्या काळी. त्यामुळे तिकडच्या संस्थेकडून विषयवार मूल्यांकन करून घ्यावे लागले. त्याचे शुल्क सुमारे २०० डॉलर होते, परंतु खरा वेळ गेला तो इकडे. माझ्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून मोहोरबंद पाकिटात ट्रान्स्क्रिप्ट (सर्व गुणांचा अधिकृत उतारा) मिळायला ४७ दिवस लागले आणि त्यासाठी मला सांगलीहून चार फेऱ्या माराव्या लागल्या. त्यातली एक फेरी 'साहेब आज रजेवर आहेत' एवढे ऐकण्यासाठी होती. त्यापेक्षाही अवघड गेले ते दहा वर्षांपूर्वीचा अभ्यासक्रम मिळवणे. आमच्या विभागप्रमुख बाईंनी कपाटातून जुनी पुस्तिका शोधून काढली, प्रत्येक पानावर शिक्का मारला आणि इंग्रजी भाषांतरावरही सही दिली, म्हणून ते दोन विषय मान्य झाले. आपण अजून महाविद्यालयात असाल तर शिकत असलेल्या प्रत्येक पेपरचा छापील अभ्यासक्रम आजच जपून ठेवा. शरीररचनाशास्त्र मात्र मी कधीच शिकले नव्हते, ते पुढे करावे लागणार होते.

इंग्रजीची परीक्षा नोव्हेंबरमध्ये झाली, अर्ज डिसेंबरमध्ये गेले आणि प्रवेशाचे पत्र ९ मार्च २०२३ रोजी आले. मग कर्ज.

विद्यापीठाने पहिल्या वर्षासाठी ३३,००० डॉलर उपलब्ध असल्याचा पुरावा मागितला होता. तेव्हाच्या ८२ रुपयांच्या दराने ते सत्तावीस लाख झाले. साडेसात लाखांपुढील शैक्षणिक कर्जाला तारण लागते, म्हणून बाबांच्या नावावरील बिगरशेती प्लॉट पुढे केला. वकिलाचा शोध अहवाल, मूल्यांकन, नगरपालिकेची पावती आणि एका जुन्या खरेदीखतातील आडनावाच्या ऱ्हस्व-दीर्घाबद्दलचे प्रतिज्ञापत्र, यांत सात आठवडे गेले. बँकेतील कर्ज अधिकारी सज्जन होते, पण त्यांच्या संगणकावरील यादीत हा अभ्यासक्रम नव्हता. "मॅडम, हे हॉटेल मॅनेजमेंटमध्ये टाकू की शारीरिक शिक्षणात?" असे त्यांनी अगदी प्रामाणिकपणे विचारले. मी विद्यापीठाचे पत्र, अभ्यासक्रमाची रूपरेषा आणि अमेरिकी श्रम खात्याच्या व्यवसायसूचीतील नोंद अशी तीन पाने जोडून दिली. त्या सूचीत रिक्रिएशनल थेरपिस्ट हा व्यवसाय २९-११२५ या क्रमांकाने आरोग्यसेवा गटात, म्हणजे फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांच्या शेजारी आहे. तो क्रमांक पाहिल्यावर फाइल 'पॅरामेडिकल' या रकान्यात गेली आणि पुढे सरकली. कागदाला कागदच लागतो, हे मला तिथे कळले. माझ्या आर्जवी भाषणांनी तोवर काहीच झाले नव्हते.

व्हिसाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. सेविसचे (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे) ३५० डॉलर आणि व्हिसा अर्जाचे १६० डॉलर भरले (ते १७ जून २०२३ पासून १८५ झाले). बोटांचे ठसे एका दिवशी आणि मुलाखत दुसऱ्या दिवशी असते, त्यामुळे मुंबईत एक मुक्काम धरूनच चालावे. वांद्रे-कुर्ला संकुलातील मुलाखत दोन मिनिटांत संपली. अधिकाऱ्याने विषयाचा अर्थ विचारला. "पक्षाघात झालेल्या माणसाला पुन्हा पत्ते खेळता यावेत आणि त्या खेळातून त्याचे लक्ष व हाताची हालचाल सुधारावी, यासाठीचे शास्त्र," असे मी सांगितले. हे वाक्य मी आरशासमोर निदान तीसदा म्हटले होते. आपला विषय एका वाक्यात, उदाहरणासह सांगता यायला हवा, ही सूचना मी सर्वांनाच करेन.

१९ ऑगस्ट २०२३ रोजी विद्यापीठाच्या गावी पोहोचले. पहिल्या सत्रात मला सर्वाधिक गोंधळवले ते 'लेझर', म्हणजे फुरसत, या संकल्पनेने. आमच्या वर्गात अठरा जण होते आणि पहिल्याच तासाला प्रत्येकाला आपला छंद सांगायचा होता. कयाक, बर्फावरची मासेमारी, गिर्यारोहण अशी उत्तरे येत गेली. माझ्या आईचा छंद काय असे मी स्वतःला विचारून पाहिले, तर उन्हाळ्यात शेजारणींबरोबर गच्चीवर कुरडया घालताना चालणाऱ्या गप्पा याखेरीज मला काही सुचेना. आणि तो छंद की काम, हे ठरवता येईना. पुढे मूल्यमापनाच्या प्रश्नावलीत 'मोकळ्या वेळात काय करता?' हा प्रश्न पाहिला की मला ती गच्ची आठवत असे. भारतीय किंवा दक्षिण अमेरिकी वयोवृद्ध रुग्ण बरेचदा या प्रश्नावर 'काही नाही' म्हणतात. तोच प्रश्न 'सणाच्या आधीचा आठवडा कसा जायचा?' असा विचारला की अर्धा तास बोलत राहतात. माझा सत्रअखेरचा निबंध यावरच होता.

अभ्यासक्रमाचा कणा असलेले प्रारूप समजायला सोपे आहे. आधी कार्यक्षमता वाढवणारे उपचार, मग फुरसतीचे शिक्षण, आणि शेवटी स्वतंत्र सहभाग असे त्याचे तीन टप्पे असतात. रुग्ण जसजसा पुढे सरकतो, तसतसा उपचारकाचा ताबा कमी आणि रुग्णाचा निर्णय अधिक होत जातो. पुण्यातील केंद्रात मी चार वर्षे सर्वांना पहिल्याच टप्प्यावर ठेवले होते, कारण काय खेळायचे ते नेहमी मीच ठरवत असे. हे लक्षात आल्यावर काही दिवस मन लागले नाही.

दुसऱ्या सत्रापासून विद्यापीठाच्या क्रीडा विभागात आठवड्याला दहा तासांचे काम मिळाले. चाकाच्या खुर्च्यांवरील बास्केटबॉलची साधने सांभाळणे, टायरमधील हवा तपासणे, पट्टे बदलणे असे ते काम होते. त्यातून किराणा आणि फोनचे बिल निघत असे. राहिलेले शरीररचनाशास्त्र मी २०२४ च्या उन्हाळ्यात जवळच्या दोन वर्षांच्या सामुदायिक महाविद्यालयात पूर्ण केले. तिथे खर्च विद्यापीठाच्या निम्म्याहून कमी आला. मात्र ते क्रेडिट आपल्या विद्यापीठाला आणि एनसीटीआरसीला चालेल, असे लेखी उत्तर नोंदणीपूर्वी घ्यावे.

आता ५६० तासांकडे वळते, कारण या पदवीतील खरी कसोटी तीच आहे. प्रमाणपत्रासाठी किमान ५६० तासांची आणि सलग किमान १४ आठवड्यांची इंटर्नशिप लागते, आणि ती सीटीआरएस असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखालीच व्हावी लागते. बहुतेक ठिकाणी तिचे मानधन मिळत नाही. उलट तिच्या क्रेडिटचे शुल्क आपण विद्यापीठाला भरत असतो. मी ऑगस्ट २०२४ पासून १९ ठिकाणी अर्ज केले. अकरा ठिकाणांहून उत्तर आले नाही, चार ठिकाणी सीटीआरएसच नव्हते, दोघांनी परदेशी विद्यार्थी घेत नसल्याचे कळवले आणि दोघांनी मुलाखतीला बोलावले. त्यांपैकी एका पुनर्वसन रुग्णालयाने ऑक्टोबरमध्ये होकार दिला. आनंद चार दिवस टिकला, कारण त्यानंतर समजले की विद्यापीठ आणि रुग्णालय यांच्यात करारच अस्तित्वात नाही. विम्याच्या एका कलमावरून तो मसुदा दोन्हीकडच्या विधी विभागांत सात आठवडे फिरत राहिला. करार नाही तर सीपीटी नाही, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर अभ्यासक्रमांतर्गत काम करण्याची परवानगी नाही. आणि परवानगी नवीन आय-२० वर (विद्यापीठ देते त्या विद्यार्थी व्हिसाच्या पात्रता-पत्रावर) छापून हाती येईपर्यंत एक दिवसही काम करणे नियमबाह्य ठरते. ९ डिसेंबरला करारावर सह्या झाल्या आणि २० डिसेंबरला आय-२० मिळाला. त्या सात आठवड्यांत मी दर सोमवारी सकाळी दोन्हीकडे एक नम्र ई-मेल पाठवत होते. त्याचा उपयोग झाला की नाही ते सांगता येत नाही, पण न पाठवण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. आपण हे टाळू शकता: ज्या संस्थांशी विभागाचा करार आधीपासून आहे त्यांची यादी पहिल्याच सत्रात मागून घ्या.

आरोग्य तपासणीबद्दलची पुढील गोष्ट मला कुणी सांगितली असती तर फार बरे झाले असते. रुग्णालये क्षयरोगाची चाचणी मागतात. आपल्यापैकी जवळपास सर्वांनी लहानपणी बीसीजीची लस घेतलेली असते आणि दंडावर त्याची खूण असते. त्या लसीमुळे त्वचेवरील चाचणी खोटी सकारात्मक येऊ शकते. माझ्या हातावर १४ मिलिमीटरची गाठ आली, लगेच छातीचा एक्स-रे काढायला पाठवले गेले आणि दोन रात्री झोप लागली नाही. रक्ताची इग्रा चाचणी केली असती तर हा सारा प्रकार टळला असता, कारण तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. नंतर ती केली आणि नकारात्मक आली. तेव्हा पहिल्यांदाच रक्ताची चाचणी मागावी. गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या आणि हिपॅटायटिस बी यांच्या लसींचे पुरावेही लागतात. माझे लहानपणीचे लसीकरण कार्ड कधीच गहाळ झाले होते, त्यामुळे प्रतिपिंडांच्या रक्तचाचण्या करून रोगप्रतिकारशक्ती सिद्ध करावी लागली. या सर्वांवर, पार्श्वभूमी पडताळणी आणि प्रथमोपचार प्रशिक्षण धरून, ४१० डॉलर खर्च झाले.

१३ जानेवारी २०२५ रोजी सोमवारी इंटर्नशिप सुरू झाली. चौदा आठवडे गुणिले चाळीस तास म्हणजे बरोबर ५६०, असा हिशेब मी मांडला होता. पण फेब्रुवारीत तापाने तीन दिवस आणि हिमवादळाने एक दिवस गेला. माझ्या देखरेखकर्त्या बाईंनी आधीच १५ आठवडे लिहून ठेवले होते म्हणून निभावले. आपणही एक आठवडा जादा धरा. माझ्या ओळखपत्रावर 'आरटी इंटर्न', म्हणजे रिक्रिएशनल थेरपीची इंटर्न, असे छापले होते. दुसऱ्याच आठवड्यात एका परिचारिकेने मला घाईघाईने खोलीत बोलावले आणि ऑक्सिजनच्या नळीकडे बोट दाखवले. रुग्णालयात आरटी म्हणजे रेस्पिरेटरी थेरपिस्ट, श्वसनोपचार तज्ज्ञ, हे मला तेव्हा कळले. त्या दिवसापासून मी ओळखपत्रावर पूर्ण पदनाम लिहिलेली चिकटपट्टी लावली.

एका रुग्णाबद्दल लिहिते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. सत्तरीतील एक निवृत्त शेतकरी, मेंदूच्या उजव्या भागात पक्षाघात, आणि त्यामुळे डावीकडचे जग जवळजवळ नाहीसे झालेले. दृष्टी ठीक होती, पण लक्ष डावीकडे जातच नसे; ताटातील डावीकडचा भात तसाच राही आणि चाकाची खुर्ची डाव्या बाजूने दाराच्या चौकटीवर आदळे. त्यांना युकर हा पत्त्यांचा खेळ प्रिय होता. चोवीस पानांचा हा खेळ तिकडे घरोघरी खेळतात. प्रत्येकाला पाच पाने मिळतात आणि हुकमाच्या रंगाचा गुलाम एक्क्यालाही मारतो. बदाम सात आणि झब्बू यांवर वाढलेल्या मला तो शिकायला दोन संध्याकाळी लागल्या. त्यांच्या हातात पाने धरवत नसत, म्हणून खाचा असलेल्या लाकडी पट्टीत ती उभी करून ठेवायची. पाचांपैकी डावीकडची दोन पाने त्यांच्यासाठी नव्हतीच. तीन पानांनी ते डाव खेळत, हरत, आणि वाटणाऱ्यावर चिडत.

पहिल्या दिवशी मी नोंद लिहिली: 'रुग्णाने खेळाचा आनंद घेतला, सहकार्य चांगले.' देखरेखकर्त्या बाईंनी त्यावर एक आडवी रेघ मारली आणि विचारले, "यावरून उद्या डॉक्टर काय ठरवतील?" मग त्यांनी मला सोबत घेऊन टेबलाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावली आणि रुग्णाला सांगितले, की प्रत्येक खेळीआधी लाल पट्टी दिसेपर्यंत नजर डावीकडे न्यायची. दुसऱ्या दिवशीची नोंद अशी होती: 'वीस मिनिटांच्या खेळात डावीकडील पाने शोधण्यासाठी सात वेळा शाब्दिक सूचना द्याव्या लागल्या.' चौथ्या दिवशी सूचना तीन झाल्या. अकराव्या दिवशी एक. आणि ती मी सवयीने दिली होती, त्यांना तिची गरज नव्हती, हे त्यांनीच मला कडक शब्दांत सुनावले. त्याच आठवड्यात जेवणाच्या ताटाच्या डाव्या कडेलाही लाल पट्टी लागली. चार वर्षे ज्याला मी करमणूक म्हणत आले, त्याची नोंद अशी लिहिता येते, हे शिकण्यासाठी मी प्लॉट गहाण ठेवला होता असे म्हटले तरी चालेल.

या व्यवसायातील एक बोच इथेच सांगितली पाहिजे. अमेरिकेतील पुनर्वसन रुग्णालयांत मेडिकेअरच्या (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या) नियमाने रुग्णाला साधारणपणे आठवड्यातील पाच दिवस, रोज किमान तीन तास उपचार मिळावे लागतात. या तीन तासांत फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, वाचा-उपचार आणि कृत्रिम अवयवांसंबंधीचे उपचार मोजले जातात. रिक्रिएशनल थेरपी मोजली जात नाही. त्यामुळे आमचा अर्धा तास नेहमी उरलेल्या वेळात बसवला जाई आणि कात्री लागायची वेळ आली की पहिली त्यालाच लागे. विरंगुळा उरलेल्या वेळेतच असतो, ही समजूत सातासमुद्रापारही पाठ सोडत नाही.

इंटर्नशिप २५ एप्रिलला संपली आणि पदवी १७ मे रोजी मिळाली. पदवीनंतर काम करण्याची ओपीटी परवानगी त्याआधीच मागावी लागते. अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून अर्ज करता येतो. मी २० फेब्रुवारीला ऑनलाइन अर्ज केला, त्याचे शुल्क ४७० डॉलर होते, आणि २ मे रोजी मंजुरी आली. हा विषय विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत नाही, त्यामुळे संगणक अभियंत्यांना मिळणारी दोन वर्षांची वाढ आपल्याला मिळत नाही. आपल्याला बारा महिने, बस्स. त्यातही एकूण ९० दिवसांपेक्षा अधिक काळ बेरोजगार राहता येत नाही. माझी परवानगी १६ जूनला सुरू झाली आणि ७ जुलैला नोकरी, म्हणजे २१ दिवस खर्ची पडले. या नियमांचा विचार कर्ज घेण्याआधी करावा. माजी सैनिकांची सरकारी रुग्णालये हे या क्षेत्रातील मोठे नियोक्ते आहेत, परंतु तिथल्या नोकऱ्या सहसा अमेरिकी नागरिकांसाठीच असतात. यूटा (तिथे १९७५ पासून), नॉर्थ कॅरोलायना, ओक्लाहोमा, न्यू हॅम्पशायर अशा काही राज्यांत प्रमाणपत्राशिवाय राज्याचा वेगळा परवानाही लागतो. पगाराचे सांगायचे तर मे २०२३ च्या सरकारी आकड्यांनुसार या व्यवसायातील मध्यम वार्षिक वेतन सुमारे ५७,००० डॉलर होते. माझे त्याहून कमी आहे, कारण मी एका शुश्रूषागृहात आहे. माझा दोन वर्षांचा एकूण खर्च सुमारे ४१ लाख रुपये झाला आणि त्यातील ३० लाख कर्ज आहे.

परीक्षा २४ जुलैला दिली. तिथे व्याख्या फारशा विचारत नाहीत. प्रसंग देतात आणि 'आता सर्वप्रथम काय कराल?' असे विचारतात. उत्तरांत चारही पर्याय योग्य वाटतात. मूल्यमापनाच्या आधी उपक्रम सुचवणारा पर्याय बहुधा चुकीचा असतो, एवढे सूत्र मला पुष्कळदा तारून गेले. प्रमाणपत्र पाच वर्षांचे आहे. नूतनीकरणासाठी त्या काळात ४८० तासांचे काम आणि ५० तासांचे शिक्षण दाखवावे लागते.

भारतात परतल्यावर या पदवीचे काय, असे आई दर रविवारी विचारते. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय राष्ट्रीय आयोग कायद्याच्या परिशिष्टात मूव्हमेंट थेरपिस्टच्या नोंदीत रिक्रिएशनल थेरपिस्टचा उल्लेख आहे, एवढे मी तिला वाचून दाखवले. तिचे त्यावर समाधान झाले नाही आणि माझेही पुरते झालेले नाही. विद्यापीठाशी संलग्न ना-नफा रुग्णालयांना एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत लागू होत नाही, म्हणून अशा दोन ठिकाणी मी अर्ज केले आहेत. तिथे जमले नाही तर १५ जून २०२६ नंतरचे परतीचे तिकीट काढायचे आहे.

बाबा सांगलीत ज्या विरंगुळा केंद्रात जातात, तिथल्या त्यांच्या एका मित्रांना गेल्या महिन्यात अर्धांगवायूचा झटका आला. पाने धरण्याच्या लाकडी पट्टीचा फोटो मी पाठवला होता, तो घेऊन बाबा सुताराकडे गेले आणि तिथूनच फोन केला की खाच किती खोल आणि किती तिरकी हवी. मी मोजून सांगितले: लांबी तीस सेंटिमीटर, खाच एक सेंटिमीटर खोल, मागे किंचित कललेली, आणि पट्टीच्या तळाला रबर, नाहीतर टेबलावर ती सरकते. सुताराने सागवानाची केली आणि ऐंशी रुपये घेतले. लाल पट्टीबद्दल सांगायचे त्या फोनमध्ये राहून गेले, ते उद्या सांगायचे आहे.